हॉलमधल्या टीव्हीवर वेबसाइट का उघडत नाही?

टीव्ही घ्यायला गेलेलं कुटुंब दुकानात काय काय विचारतं, ते एकदा बाजूला उभं राहून ऐकावं. किती इंची, फोर-के आहे का, वॉरंटी किती, भिंतीवर लावून देणार का, जुन्याचे किती धरणार. बरोबर जरा जाणकार मुलगा असेल तर तो रॅम विचारतो आणि कुठली ॲप आधीपासून घातलेली आहेत ते बघतो. ‘यात ब्राउझर आहे का, आणि तो किती वर्षं चालेल?’ असं विचारणारं गिऱ्हाईक माझ्या पाहण्यात नाही. विचारलंच, तर दुकानदार गोंधळून म्हणेल, ‘यूट्यूब चालतं की साहेब!’

हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. एकेकट्या गिऱ्हाइकानं विचारून भागणार नाही, सरकारनंही तो कंपन्यांना विचारला पाहिजे. घरातला सगळ्यात मोठा पडदा, ज्याच्यासमोर सगळं घर एकत्र बसतं असा एकुलता एक पडदा, आता इंटरनेटला जोडलेला आहे. गावोगावच्या केबलवाल्यांनी फायबरचा धंदा धरून बरीच वर्षं झाली. तरीही त्या पडद्यावर आपल्या मनानं एखादा पत्ता टाकून एखादं पान उघडावं म्हटलं, तर बहुतेक घरांत ते जमत नाही, किंवा जमलं तरी धड चालत नाही. यात तांत्रिक अडचण फारशी नाही. तो धंद्याचा निर्णय आहे, आणि तो आपल्याला न विचारता झालेला आहे.

‘पण टीव्हीवर वेबसाइट उघडून करायचं काय?’ हा पहिला आक्षेप. दहावीचा निकाल लागलेलं कुठलंही घर डोळ्यांसमोर आणा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. आता तालुक्याच्या गावातल्या मुलीलाही पोर्टलवर जाऊन दहापर्यंत पसंतीक्रम भरावे लागतात. हा निर्णय तिच्या एकटीचा नसतो. आईला एसटीची वेळ बघायची असते, वडिलांना फी, मोठ्या भावाला गेल्या वर्षीचा कट-ऑफ, आणि फोनवर असलेल्या मामांना सगळंच. एवढी चर्चा चालते ती मुलीच्या हातातल्या सहा इंची फोनभोवती. ती यादी वर-खाली सरकवते, बाकीचे तिच्या खांद्यावरून डोकावतात. ‘थांब, मागे घे, ते वरचं काय होतं?’ असं चार वेळा झालं की मुलगी वैतागते आणि स्वतःच्या मनानं फॉर्म लॉक करते. समोर भिंतीवर त्रेचाळीस इंची पडदा काळा पडून असतो.

सातबाऱ्याचंही असंच. महाभूलेखवर तो फुकट पाहता येतो आणि डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. ही सोय खरोखर मोठी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण जमिनीचा कागद चार भावांनी मिळून बघायचा असतो. कुठला फेरफार कधी झाला, कोणाचं नाव इतर हक्कात गेलं, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये किती धरलंय, हे ज्या म्हाताऱ्या माणसाला बांधासकट तोंडपाठ असतं, त्यालाच फोनवरची अक्षरं दिसत नाहीत. मग सगळे सेतू केंद्रात जातात. तिथे मॉनिटर केंद्रचालकाकडे तोंड करून असतो. तो वाचून सांगेल ते खरं. ज्याचा कागद, त्यानंच तो आपल्या डोळ्यांनी आणि आपल्या माणसांबरोबर वाचावा, ही अपेक्षा काही अवाजवी नाही.

इथे काही आकडे लक्षात घ्यावेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४७.२ टक्के घरांत टीव्ही होता आणि संगणक ९.५ टक्के घरांत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत संगणक असलेली घरं १०.७ टक्के भरली, ग्रामीण भागात तर ४.४ टक्केच. म्हणजे मधल्या सात वर्षांत संगणक जवळजवळ जागचा हलला नाही. टीव्ही मात्र पसरत राहिला. २०२० मध्ये बार्कनं, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेनं, टीव्ही असलेली घरं २१ कोटी धरली होती. यापुढे ही घरं लॅपटॉप विकत घेतील या आशेवर राहण्यात हशील नाही. त्यांच्याकडे मोठा पडदा म्हणून जे काही आहे ते टीव्हीच आहे. २०२० च्या जुलैमध्ये शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू करावी लागली, ती याच कारणानं. फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला. टीव्ही घरात होता.

दुसरा आक्षेप जास्त तगडा आहे: टीव्हीवर ब्राउझर देऊन पाहिलाय, लोक वापरत नाहीत. हे खरंच आहे. ज्यानं कधी टीव्हीच्या रिमोटनं पडद्यावरच्या कीबोर्डवर ‘महाराष्ट्र’ टाइप करायचा प्रयत्न केलाय, त्याला कारण वेगळं सांगायला नको. बाण दाबत दाबत ‘म’पर्यंत जायचं, मग काना शोधायचा, जोडाक्षर आलं की हलन्त कुठे दडलाय ते बघायचं, आणि एवढ्यात कुणीतरी आवाज वाढवायला रिमोट मागायचं. त्यात मराठी कीबोर्ड असेलच याची खात्री नाही. असला तर हिंदीचा असतो आणि त्यात ‘ळ’ दुसऱ्या पानावर सापडतो. आवाजी शोध सुधारला आहे हे मान्य, पण तो नेतो कुठे? बहुतेक वेळा व्हिडिओंच्या यादीकडे. ‘पन्हाळ्याचा इतिहास’ म्हटलं की पानं येत नाहीत, पन्हाळ्यावर ड्रोन उडवणारे लोक येतात.

पण वाचायला टीव्ही चालतच नाही, हे इतिहासाला धरून नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीनं १९७४ मध्ये सीफॅक्स ही टेलिटेक्स्ट सेवा सुरू केली. रिमोटवर तीन आकडी क्रमांक दाबायचा की पानं उघडायची: बातम्या, हवामान, क्रिकेटचे धावफलक. चित्रं ठोकळ्यांची, रंग मोजके, आणि पान हवेतून फिरून येईपर्यंत थांबावं लागायचं. तरी ती सेवा २०१२ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षं चालली. लोक सोफ्यावर बसून वाचत होते, कारण दाबायचं थोडं होतं आणि अक्षर मोठं होतं.

अमेरिकेत १९९६ मध्ये वेबटीव्ही आला. फोनलाइनला जोडायचा डबा, एक बिनतारी कीबोर्ड, आणि पडदा घरातलाच टीव्ही. संगणक घेण्याची ऐपत किंवा हिंमत नसलेल्यांसाठी तो केला होता. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी ४२.५ कोटी डॉलर देऊन घेतली, पुढे तिचं एमएसएन टीव्ही झालं आणि २०१३ मध्ये सेवा बंद पडली. ‘बघा, टीव्हीवर वेब चालत नाही’ याचा दाखला म्हणून ही गोष्ट हमखास सांगितली जाते. मला तिच्यात दुसरंच दिसतं. तो डबा कंपनीच्या सर्व्हरशिवाय काही दाखवू शकत नव्हता. सेवा बंद, की घरातला डबा मेला. टीव्हीवरून वेब वाचणारी माणसं शेवटपर्यंत होती, पण त्यांच्या डब्याची दोरी दुसऱ्याच्या हातात होती.

आजच्या टीव्हीतला ब्राउझर निकामी का होतो, तेही बघण्यासारखं आहे. एलजीच्या टीव्हीत वेबओएस ही टीव्ही चालवणारी प्रणाली असते. मूळची ती पाम कंपनीनं २००९ मध्ये फोनसाठी केली, तिथून एचपीकडे गेली आणि २०१३ मध्ये एलजीनं घेतली. सॅमसंगच्या टीव्हीत टायझन असते. या दोन्हींवरची ॲप मुख्यतः वेबच्याच साहित्यातून, म्हणजे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमधून बांधतात. थोडक्यात, टीव्हीच्या पोटात ब्राउझरचं इंजिन, म्हणजे वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, असतंच. फक्त ते टीव्हीबरोबर म्हातारं होतं. २०१८-१९ च्या एलजी टीव्हीतलं इंजिन क्रोमियमच्या (क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्याच्या) ५३व्या आवृत्तीचं, म्हणजे २०१६ सालचं. त्याआधीच्या दोन वर्षांच्या टीव्हींत ३८वी आवृत्ती, २०१४ ची. टीव्ही दुकानात नवाकोरा असताना त्यातलं इंजिन दोन वर्षांचं जुनं. आपल्याकडे टीव्ही आठ-दहा वर्षं सहज वापरतात. एवढ्या काळात वेबसाइटी पुढे गेल्या, सुरक्षा प्रमाणपत्रं बदलली, आणि टीव्हीवर कोरी पानं किंवा ‘हे पृष्ठ सुरक्षित नाही’ दिसायला लागलं. कंपनी आधी विहिरीवर झाकण ठेवते आणि मग पाणी भरायला कोणी येत नाही अशी नोंद करते. अलीकडे एलजीनं पाच आणि सॅमसंगनं सात वर्षांपर्यंत नवी प्रणाली देण्याचं जाहीर केलं आहे, तेही नव्या आणि निवडक मॉडेलांसाठी. स्वागतच आहे. पण ही कंपनीची मेहेरबानी राहू नये.

आता दार कोणी आणि का लावलं त्याकडे येऊ.

२०१० मध्ये गूगलनं पहिला गूगल टीव्ही आणला. सोनीचे संच आणि लॉजिटेकचा रिव्ह्यू नावाचा डबा, दोन्हींत क्रोम ब्राउझर. अमेरिकेतल्या एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या बड्या वाहिन्या तेव्हा आपल्या मालिकांचे भाग स्वतःच्या वेबसाइटवर फुकट दाखवत होत्या. लॅपटॉपवर ते दिसायचे. गूगल टीव्हीतल्या ब्राउझरनं तीच वेबसाइट उघडली की ‘हा भाग इथे उपलब्ध नाही’. ब्राउझर आपली ओळख सांगतो, ती बघून वाहिन्यांनी दार लावलं होतं. त्यांचा हिशेब सरळ होता: लॅपटॉपवरच्या जाहिरातीचा दर कमी, टीव्हीवरच्या जाहिरातीचा जास्त. तोच कार्यक्रम कमी दराच्या वाटेनं जास्त दराच्या पडद्यावर गेलेला त्यांना नको होता. लॉजिटेकनं पुढच्या वर्षी कबूल केलं की या फंदात दहा कोटी डॉलरांहून जास्त नफा बुडाला. उद्योगानं यातून एक धडा घेतला: टीव्हीवर मोकळा वेब देऊ नका, ॲप द्या. प्रत्येक ॲपमागे करार असतो, आणि करारामागे पैसा.

गूगलनंही तो धडा चांगलाच गिरवला. २०१४ मध्ये अँड्रॉइड टीव्ही आला तेव्हा त्याच्या प्ले स्टोअरमध्ये गूगलचा स्वतःचा क्रोम नव्हता. जगातला सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर बनवणारी कंपनी टीव्हीची प्रणाली बनवते आणि एकात दुसरं घालत नाही! ज्यांना गरज होती त्यांनी टीव्ही ब्रो यांसारखे छोटे ब्राउझर शोधले, किंवा पेनड्राइव्हवरून ॲपची फाइल (एपीके) टाकून काम भागवलं. ॲपलच्या टीव्हीला जोडायच्या डब्यात तर त्यांचाच ब्राउझर सफारी नाहीच, आणि ॲप बनवणाऱ्याला आपल्या ॲपमध्ये वेबपान दाखवण्याचं साधनही ॲपलनं ठेवलं नाही.

हे दार का महत्त्वाचं, ते २०१७ च्या अखेरीस एका भांडणात उघड झालं. गूगल आणि ॲमेझॉनचं बिनसलं आणि गूगलनं फायर टीव्हीवरून, म्हणजे ॲमेझॉनच्या टीव्हीला जोडायच्या उपकरणावरून, यूट्यूब काढून घेण्याचं जाहीर केलं. ॲमेझॉननं काय केलं? घाईघाईनं फायर टीव्हीवर फायरफॉक्स आणि स्वतःचा सिल्क, असे दोन ब्राउझर आणले. ॲप गेलं तरी लोक ब्राउझरमधून यूट्यूब बघू शकले. २०१९ मध्ये समेट झाला, ॲप परत आलं, आणि २०२१ मध्ये फायर टीव्हीवरचा फायरफॉक्स बंदही झाला. दोन हत्तींच्या झुंजीत गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडला तो ब्राउझर. झुंज संपल्यावर त्याची आठवण कोणाला राहिली नाही.

टीव्ही स्वस्त का झाले, हेही याच हिशेबात बसतं. संच विकून मिळणारा नफा आता किरकोळ आहे. कमाई होते ती पहिल्या पडद्यावरच्या जागेतून, रिमोटवरच्या नाव छापलेल्या बटणांतून, आणि आपण काय बघतो याच्या नोंदीतून. अमेरिकेतल्या व्हिझिओ कंपनीला २०१७ मध्ये तिथल्या सरकारशी २२ लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली, कारण तिनं १.१ कोटी टीव्हींवर लोक काय बघतात ते त्यांच्या नकळत टिपलं होतं. याच कंपनीला २०२४ मध्ये वॉलमार्टनं २३० कोटी डॉलरना विकत घेतलं, आणि त्यामागे तिचा जाहिरातींचा धंदा हे मोठं कारण होतं. पहिल्या पडद्यावरच्या रांगा जिथे अशा विकल्या जातात, तिथे पत्ता टाकायची एक साधी पट्टी ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर जायला वाट देणं. ती कोण आपणहून ठेवेल?

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानं अँड्रॉइड टीव्हीच्या करारांची चौकशी केली. एप्रिल २०२५ मध्ये गूगलनं २०.२४ कोटी रुपये भरून प्रकरण मिटवलं आणि टीव्ही कंपन्यांना प्ले स्टोअर सुट्या परवान्यानं देण्याचं मान्य केलं. चांगलं झालं. पण त्या सगळ्या वादात एका बाजूला गूगल होतं आणि दुसऱ्या बाजूला टीव्ही बनवणारे. प्ले स्टोअर कोणी कोणाला कसं द्यावं, हा प्रश्न. टीव्ही बघणाऱ्याला स्टोअरच्या बाहेर जाता यावं का, हा प्रश्न तिथे नव्हताच.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त टोचतं ते भाषेचं. टीव्हीवर ॲप कोणाचं येतं? ज्याच्याकडे चार-पाच प्रणालींसाठी वेगवेगळी ॲप बनवून ती वर्षानुवर्षं सांभाळायला पैसा आहे, त्याचं. मराठी विश्वकोशाचे खंड वेबवर आहेत, टीव्हीच्या दुकानात नाहीत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, तोही तिथे नाही. साहित्य आणि संस्कृती मंडळानं कितीतरी जुनी पुस्तकं फुकट वाचायला ठेवली आहेत, बालभारतीची पाठ्यपुस्तकं आहेत, जिल्ह्यांची गॅझेटियर आहेत, लहान लहान संस्थांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे चढवलेले जुने अंक आणि ध्वनिमुद्रणं आहेत. यांतल्या कोणाकडूनही टीव्हीचं ॲप होणार नाही, आणि होऊ नये. त्यांचा पैसा मजकुरावर खर्च व्हावा. त्यांच्यासाठी वेब हीच जागा आहे. मोठ्या पडद्यावरून वेब काढला की मराठीचा हा सगळा भाग आपोआप बाहेर पडतो, आणि उरतं ते चार ओटीटींवरचं ‘मराठी’ नावाचं एक दालन. तिथे काय ठेवायचं ते मुंबईतल्या, आणि मुंबईबाहेरच्या, कुठल्यातरी कार्यालयात ठरतं.

‘मग फोन कास्ट करा की, फोनवरचं टीव्हीवर दाखवा,’ असं तरुण मंडळी म्हणतात. काही प्रमाणात बरोबर आहे, मीही करतो. पण कास्ट केलेल्या फोनची उभी पट्टी टीव्हीच्या मधोमध येते आणि दोन्ही बाजूंना काळं. ज्याचा फोन, त्याचे मेसेज सगळ्या घरासमोर टपकतात. फोन आला की सगळं थांबतं. आणि यातही दोरी दुसऱ्याच्याच हातात. मार्च २०२५ मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट (फोनवरचं टीव्हीवर दाखवणारी गूगलची यंत्रं) जगभर एकदम बंद पडली. वायफाय होतं, फोन होता, टीव्ही होता. दुरुस्ती गूगलकडून येईपर्यंत लोक हात चोळत बसले. लॅपटॉप एचडीएमआयनं जोडावा म्हटलं, तर तो मुळात असायला हवा. शिवाय २०२४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिलं की काही टीव्ही एचडीएमआयमधून आलेलं चित्रही ओळखून त्याच्या खुणा कंपनीकडे पाठवतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं. ज्यांच्या घरी असा टीव्ही आहे त्यांनी आजच करावं.

पायरसीचं कारणही पुढे केलं जातं. टीव्हीवर ब्राउझर आला की लोक चोरीचे सिनेमे बघतील म्हणे. जे बघायचे ते पेनड्राइव्हवरून आलेल्या ॲपमधून आताही बघतात. त्यांना ब्राउझरची वाट बघावी लागली नाही.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती घरातली आहे. हॉलमधला पडदा सगळ्यांचा म्हणतो आपण, पण रिमोट कोणाच्या हातात असतो? बहुतेक घरांत संध्याकाळी तो एका ठरावीक पुरुषाच्या हातात असतो, आणि बातम्यांच्या वेळी तर त्याच्याकडून तो कोणी मागतही नाही. ज्या मुलीला पाळीच्या त्रासाबद्दल वाचायचंय, ज्या सुनेला कायद्याचा सल्ला शोधायचाय, ज्या मुलाला मनातलं काही विचारायचंय, त्यांना हॉलमधल्या पडद्याचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी फोनच बरा, आणि तो त्यांचा स्वतःचा असावा. बँकेचं काम, पासवर्ड, ओटीपी यांतलं काहीही टीव्हीवर करू नये, हे मी कोणालाही सांगेन. टीव्हीवरच्या वेबनं फोनची जागा घ्यावी असं मी म्हणतच नाही. मिळून बघायच्या गोष्टी वेगळ्या आणि एकट्यानं बघायच्या वेगळ्या. आज दोन्हींसाठी एकट्याचाच पडदा आहे, तक्रार एवढीच.

आणि मुलांचं म्हणाल, तर पंचवीस वर्षांपूर्वी घरात संगणक आले तेव्हा सगळे जाणते लोक सांगत होते की तो मुलांच्या खोलीत ठेवू नका, हॉलमध्ये ठेवा. तो सल्ला चांगला होता. मग आपण त्या मुलांच्या हातात फोन दिला आणि दार लावून घेऊ दिलं.

करायचं काय, यावर माझ्या मागण्या फार नाहीत. टीव्हीच्या खोक्यावर विजेच्या वापराचे तारे छापलेले असतात. गिऱ्हाईक ते बघतं आणि दुकानदार समजावूनही सांगतो. त्याच्याच शेजारी एक ओळ छापायला लावावी: या संचाला सुरक्षा अपडेट अमुक सालापर्यंत मिळतील. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या घरगुती वस्तूंना अपडेट किती काळ मिळतील ते जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यात टीव्हीही येतो. कंपन्या त्याच, संचही बरेचसे तेच. ब्रिटनच्या गिऱ्हाइकाला जे सांगता येतं ते सांगलीच्या गिऱ्हाइकाला सांगायला काय हरकत आहे? त्याबरोबर चालू अवस्थेतला एक ब्राउझर आणि राज्याच्या भाषेतला धड कीबोर्ड असावा. तीस-चाळीस हजारांच्या वस्तूत ‘ळ’ मागणं म्हणजे चैन नव्हे.

यातला अर्धा भाग मात्र कंपन्यांवर ढकलता येणार नाही, कारण तो आपल्याच सरकारी वेबसाइटींचा आहे. टीव्हीच्या रिमोटवर चार बाण आणि एक ओके असतो. ज्या वेबसाइटवर फक्त बाण आणि एंटर वापरून इकडून तिकडे जाता येतं ती टीव्हीवर चालते. जिथे माउस नेमका एका इवल्या चौकोनावर न्यावा लागतो ती चालत नाही. माउसशिवाय वापरता यावी ही गरज अंध माणसाचीही आहे, हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्याचीही आहे. ती कागदावर मान्यही झालेली आहे. सरकारी वेबसाइटींसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तिच्यात सगळं काम कीबोर्डवरून करता आलं पाहिजे अशी अट आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. आता राज्याच्या कुठल्याही प्रवेशाच्या किंवा दाखल्याच्या पोर्टलवर जा, माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब-एंटरनं अर्ज पुरा करून बघा. कॅप्चाचं, म्हणजे तुम्ही माणूसच आहात ना हे तपासणारं वाकड्या अक्षरांचं, चित्र येईल तिथे बहुधा गाडी अडेल. त्याआधीच कुठल्यातरी ‘जिल्हा निवडा’च्या यादीत अडकली नाहीत तर. वेबसाइट बनवणाऱ्याला पैसे देताना ही एक चाचणी घेतली तरी टीव्हीवाल्यांचं आणि अंधांचं काम एकाच खर्चात होतं.

२०२५ मध्ये जिओनं आपल्या सेट टॉप बॉक्सवर जिओपीसी सुरू केलं. बॉक्सला कीबोर्ड आणि माउस जोडायचा, संगणक दूर कुठेतरी कंपनीच्या यंत्रांवर चालतो आणि आपल्या टीव्हीवर दिसतो. कल्पना चांगली आहे. लॅपटॉप न परवडणाऱ्या घरातल्या कॉलेजच्या पोराला तिचा उपयोग होईल, आणि टीव्हीवर कामाचा वेब चालू शकतो याचा हा घरचाच पुरावा आहे. पण तो महिन्याच्या भाड्यानं मिळतो आणि एकाच कंपनीच्या डब्यातून. तीस हजारांचा टीव्ही आपण घ्यायचा, फायबरचे पैसे आपण भरायचे, आणि त्याच टीव्हीवर एखादं पान उघडायचं तर वर पुन्हा भाडं. डब्याचं भाडं थांबलं की जिओपीसी जाईल. टीव्हीच्या आतलं इंजिन मात्र तिथेच असेल, आणि त्याचे पैसे आपण संच घेतानाच मोजलेले आहेत.